घरपोच जेवणाची अडत

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ‘अडत’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माझे आजोबा पुरंदर तालुक्यातून वाटाण्याची पोती गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणीत. घरी परतताना त्यांच्या खिशात पैशांबरोबर एक कागद असे. त्याला पट्टी म्हणत. वर विक्रीची रक्कम आणि खाली हमाली, तोलाई, मोटारभाडे, अडत अशा एकेक वजाबाक्या. उरेल ते आपले.

माझी आई धनकवडीत पोळी-भाजी केंद्र चालवते. गेल्या दिवाळीनंतर घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एका कंपनीचा माणूस तिच्याकडे कराराचे कागद ठेवून गेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा ते कागद साहजिकच माझ्यापुढे आले. मी वाचून अर्थ सांगितला, तशी आई म्हणाली, “म्हणजे आबांची पट्टीच की ही!” सही करायची की नाही, हा प्रश्न मात्र तिने माझ्यावर सोपवला. त्या निमित्ताने जो अभ्यास झाला, तो येथे मांडत आहे.

प्रथम टक्केवारीचा विचार करू. कमिशन आकारले जाते ते विक्रीवर, नफ्यावर नव्हे. समजा, एका पार्सलची किंमत १०० रुपये आहे आणि पीठ, भाजी, तेल, गॅस, मदतनीस बाईंची मजुरी व डबी धरून खर्च ७० रुपये येतो. गिऱ्हाईक दारात आले तर ३० रुपये सुटतात. आता कमिशन २५ टक्के धरा. त्या २५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेचार रुपये. लहान उपाहारगृहाला हा कर परत मिळत नाही. एकूण वजावट साडेएकोणतीस रुपये. हाती राहिले पन्नास पैसे! पंचवीस टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण तो जवळजवळ सगळा नफा घेऊन जातो. साहजिकच ॲपवरचे भाव दुकानातल्या भावांहून चढे ठेवावे लागतात आणि त्याचा भार अखेर खाणाऱ्यावर पडतो.

दुसरी गोष्ट पैशाहून मोठी आहे. आपला वाटाणा कोणाच्या घरी शिजला, हे आजोबांना कधी कळले नाही. ॲपवरून जेवण विकणाऱ्याचीही तीच गत होते. गिऱ्हाईकाचा संपर्क कंपनीकडे राहतो. तो दुकानदाराचा होत नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली झोमॅटो आणि स्विगी या दोन कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, तीत जबर कमिशनबरोबर हाही मुद्दा होता. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला.

यावर उपाय म्हणून बिनकमिशनच्या व्यवस्था पुढे आल्या आहेत. त्यांची रीत सोपी आहे. दुकानाच्या नावाचे एक पान मोबाईलवर उघडते, त्यावर पदार्थ आणि भाव असतात. गिऱ्हाईक निवड करते, आणि पैसे यूपीआयने सरळ दुकानदाराच्या खात्यात जातात. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. जानेवारी २०२० पासून त्यावरचे व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क सरकारने माफ केले. व्यवस्था पुरवणारा टक्केवारी न घेता महिन्याचे ठरलेले भाडे घेतो. हे भाडे १५०० रुपये धरले, तर वरील हिशेबाने ५१ पार्सलांत ते वसूल होते. बावन्नाव्या पार्सलापासून पुढची बचत आपली.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. १८९० पासून मुंबईत डबे पोहोचवणारे डबेवाले महिन्याची ठरीव रक्कम घेतात. डब्यात पुरणपोळी आहे की पिठले, यावर त्यांचा आकार ठरत नाही. श्रमाचा मोबदला घ्यावा, अन्नाच्या किमतीत वाटा मागू नये, हे तत्त्व त्यात आहे.

पण ‘बिनकमिशन’ म्हणजे ‘बिनखर्च’ असे मानणे ही फसगत होय. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. अडत गेली नाही. तिने खांदा बदलला. येथेही तसेच आहे. डबा पोहोचवायला मुलगा ठेवावा लागतो, फोन उचलावा लागतो, चुकलेली ऑर्डर निस्तरावी लागते. शिवाय नवे गिऱ्हाईक आणून देण्याचे जे काम कंपनी करते, ते आपल्या पानाला जमत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याचे पान कोण उघडणार? म्हणून ज्यांची गिऱ्हाईके ठरलेली आहेत आणि स्वतः येऊन पार्सल नेतात, अशांनाच ही पद्धत खऱ्या अर्थाने मानवते, असे माझे मत झाले आहे.

आईची बहुतेक गिऱ्हाईके आसपास खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आहेत. ती चालत येतात. तेव्हा आम्ही तूर्त सही केलेली नाही. एक साधे पान तयार करून त्याचा क्यूआर कोड काउंटरवर चिकटवला आहे. सकाळी अकरापर्यंत मागणी कळते, त्यामुळे पोळ्यांचा अंदाज चुकत नाही आणि उरलेले अन्न कमी झाले आहे. विक्री फारशी वाढलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढेमागे नव्या गिऱ्हाईकांसाठी ॲपची पायरी चढावी लागेलही.

तोवर एक वही घातली आहे. तीत नेहमीच्या गिऱ्हाईकांची नावे आहेत, आणि कोणाला तिखट कमी लागते याचीही नोंद आहे. आजोबांच्या पट्टीवर अशा नोंदीला जागा नव्हती.