प्रेषित थोमाच्या वाटेवर: मुझिरिस ते मैलापूर

प्रेषित थोमाच्या नावाने केरळात आणि तमिळनाडूत दाखवल्या जाणाऱ्या स्थळांची भटकंती आखताना आरंभीच हे लक्षात घ्यावे लागते की, या संपूर्ण वाटेवर पहिल्या शतकातली एकही ख्रिस्ती वास्तू आज उभी नाही. येशूच्या बारा निकटच्या शिष्यांना मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘प्रेषित’, म्हणजे संदेश घेऊन पाठवलेले, असे म्हटले जाते. त्यांपैकी थोमा हा इ. स. 52 मध्ये आजच्या कोडुंगल्लूरजवळच्या मुझिरिस बंदरात उतरला, त्याने मलबार किनाऱ्यावर ‘साडेसात’ मंडळ्या स्थापल्या आणि इ. स. 72 मध्ये आजच्या चेन्नईतील मैलापूरजवळ त्याचा वध झाला, अशी तेथील ख्रिस्ती समाजाची दृढ परंपरा आहे. ही परंपरा एकीकडे आणि दगड, ताम्रपट व नाणी यांचा पुरावा दुसरीकडे, अशा दोन वेगळ्या वाटा येथे शेजारीशेजारी चालतात, आणि ज्याला दोन्हींतला फरक ओळखता येतो त्यालाच ही स्थळे बोलकी होतात. अन्यथा रंग दिलेल्या नव्या इमारतींसमोर काढलेली छायाचित्रे एवढेच हाती उरण्याचा संभव असतो.

लिखित पुराव्याची वाट उत्तरेकडून सुरू होते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी सिरियाक भाषेत, म्हणजे पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्यांच्या अरामी वळणाच्या धर्मभाषेत, रचल्या गेलेल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात थोमा गुंदफर नावाच्या राजाच्या दरबारी सुतार व वास्तुकार म्हणून येतो. हा राजा काल्पनिक असावा असे दीर्घकाळ समजले जात होते, परंतु एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीकडे गोंदोफरस या इंडो-पार्थियन राजाची नाणी सापडली आणि तख्त-ए-बाही येथील शिलालेखाने त्याचा काळ पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात नेऊन ठेवला. यावरून राजा खरा ठरतो, कथा नव्हे. दक्षिणेतील परंपरा मात्र या ग्रंथाहून निराळी असून ती ‘रंबान पाट्टु’सारख्या गीतांतून, घराण्यांच्या वंशकथांतून आणि गावोगावच्या स्थळनामांतून टिकलेली आहे.

साडेसात हा आकडा मराठी वाचकाला साडेसातीची आठवण करून देईल, पण येथे त्याचा अर्थ सात मंडळ्या आणि एक ‘अर्धी’ असा आहे. कोडुंगल्लूर, पालयूर, कोट्टक्काव (उत्तर परवूर), कोक्कमंगलम, निरणम, कोल्लम आणि निलक्कल ही सात नावे साधारणपणे सांगितली जातात, तर अर्धी मंडळी म्हणजे आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात असलेले तिरुवितांकोड होय. मल्याळममध्ये चर्चला ‘पळ्ळी’ म्हणतात (मशिदीलाही हाच शब्द चालतो, त्यामुळे रस्ता विचारताना गावाचे व संताचे नाव जोडून विचारणे हिताचे ठरते), आणि ‘अरप्पळ्ळी’ या शब्दाचा अर्थ काही जण अर्धी पळ्ळी असा, तर काही जण राजाची पळ्ळी असा लावतात. आठही ठिकाणे तीन दिवसांत भाड्याच्या मोटारीने ‘उरकण्याचे’ बेत अनेक जण आखतात. तसे करण्यापेक्षा मोजकी तीन-चार स्थळे निवडून ती पायी पाहणे अधिक फलदायी होय.

आरंभ कोडुंगल्लूर परिसरातून करावा, कारण थोमाच्या आगमनाची कथा भूगोलाच्या आधारे पडताळून पाहण्याची सोय याच टापूत आहे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवल्याप्रमाणे तांबड्या समुद्राच्या मुखाशी असलेल्या ओसेलिस बंदरातून पावसाळी वाऱ्यावर स्वार झालेले जहाज चाळीस दिवसांत मुझिरिसला पोहोचत असे, आणि परतताना ते प्रामुख्याने मिरी नेत असे. व्हिएन्ना येथे जतन केलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर ‘हर्मापोल्लोन’ नावाच्या जहाजाने मुझिरिसहून नेलेल्या मालाचा हिशेब आहे. म्हणजे पश्चिम आशियातला एखादा मनुष्य त्या काळी या किनाऱ्यावर उतरणे ही मुळीच अद्भुत घटना नव्हती. एवढेच पुरावा सांगतो, आणि त्याच्यापुढे तो जात नाही. 2007 पासून याच टापूतल्या पट्टणम येथे झालेल्या उत्खननात रोमन अँफोरांचे, म्हणजे मद्य व तेल वाहून नेणाऱ्या दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांचे, असंख्य तुकडे, विटांचा धक्का, मिरीचे दाणे आणि एकाच लाकडातून कोरलेली होडी मिळाली, तेव्हापासून हेच मुझिरिस किंवा त्याचा एक भाग असावा असे मत बळावले. पट्टणम हे गाव नारळाच्या बागांत विखुरलेले असून उत्खननाची जमीन घरांच्या परसांत विभागलेली आहे, म्हणून तेथे भग्नावशेषांची अपेक्षा ठेवून जाऊ नये; पायाखालच्या मातीत खापरांचा चुरा दिसला तरी तो उचलून खिशात घालू नये, हे वेगळे सांगावयास नको.

कोडुंगल्लूर ते उत्तर परवूर हे अंतर दहा-बारा किलोमीटरचे आहे आणि मधला राष्ट्रीय महामार्ग पायी चालण्यास अत्यंत त्रासदायक आहे, त्यामुळे शक्यतो आतल्या गावरस्त्यांनी जावे किंवा मुझिरिस वारसा प्रकल्पाच्या बोटींची चौकशी करून पाण्यातून प्रवास करावा. पेरियार नदीच्या मुखाशी असलेल्या अळीकोड येथील मार थोमा तीर्थस्थानात इटलीतील ओर्तोना येथून 1953 मध्ये आणलेले थोमाच्या उजव्या हाताचे अस्थी-अवशेष ठेवलेले आहेत. इमारत नवी आहे, परंतु नदी जेथे समुद्राला मिळते ती जागा शांतपणे पाहण्यासाठी तेथे जावे. 1341 च्या महापुराने या मुखाचे रूप पालटले आणि व्यापार कोचीकडे सरकला, असे परंपरेने मानले जाते. याच टापूत चेरमान जुमा मशीद, कोडुंगल्लूरचे भगवती मंदिर, तिरुवंचिकुळमचे शिवमंदिर आणि परवूर व चेंदमंगलम येथील ज्यू प्रार्थनामंदिरे आहेत. एका दिवसात चार धर्मांची जुनी घरे पायाखालून जावीत असे प्रदेश फार थोडे, आणि थोमाची परंपरा याच बंदरी गजबजाटात रुजली हे ध्यानी आल्यावाचून ती नीट कळत नाही.

पालयूर गुरुवायूरपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर आहे. तेथील ‘तळियकुळम’ या तलावात थोमाने बाप्तिस्मा दिला असे सांगतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्रिशूरहून पालयूरपर्यंत सुमारे तीस किलोमीटरची पदयात्रा निघते, तिच्यात सामील होण्यास परधर्मीयांना अडचण नसते, आणि वारीची सवय असलेल्या मराठी पायांना तिची शिस्त ओळखीची वाटेल.

डोंगरभटक्यांसाठी या वाटेवरचे खरे ठिकाण म्हणजे मलयाट्टूर. अंकमालीच्या पूर्वेस, पेरियारच्या काठी आणि सह्याद्रीच्याच दक्षिण पायथ्याला, सुमारे 609 मीटर उंचीची ‘कुरिशुमुडी’ नावाची टेकडी आहे. थोमा येथे प्रार्थनेला आला आणि कातळावर त्याची पावले उमटली, अशी श्रद्धा आहे. ‘कुरिशु’ हा शब्द पोर्तुगीज ‘क्रूझ’वरून आला असून कोकणीतला ‘खुरीस’ त्याचाच सख्खा भाऊ आहे. पोर्तुगीजांपूर्वी येथील ख्रिस्ती लोक क्रुसाला सिरियाक ‘स्लीवा’ म्हणत, आणि एखाद्या स्थळाच्या नावात कोणता शब्द आहे यावरून त्या नावाचे वय अदमासाने ओळखता येते. चढाची वाट दगडधोंड्यांची, वनातून जाणारी आणि क्रुसाच्या वाटेचे चौदा टप्पे दाखवणाऱ्या खुणांची आहे, म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांचा एकेक प्रसंग स्मरत वर जाण्याची. सह्याद्रीतले गड पालथे घालणाऱ्यास ती अवघड जाणार नाही, तथापि केरळचा दमटपणा कमी लेखू नये: पहाटे निघावे, माणशी दोन लिटर पाणी घ्यावे आणि ऊन चढण्यापूर्वी खाली यावे. माथ्यावर एका जुन्या छोट्या पळ्ळीला ‘आनकुत्तिय पळ्ळी’, म्हणजे हत्तीने सुळे खुपसलेली पळ्ळी, असे नाव आहे. आजूबाजूला हत्तींचा वावर असलेले जंगल आहे, हे त्या नावातूनच समजून घेऊन मुख्य वाट सोडू नये आणि अंधार पडल्यावर एकट्याने चढू नये. उपवासकाळात आणि ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी येथे प्रचंड गर्दी लोटते. खांद्यावर लाकडी क्रूस घेतलेले यात्रेकरू थोमाला ‘मुत्तप्पन’, म्हणजे आजोबा, अशी हाक घालत रात्रीतून चढतात. ज्याला लोकश्रद्धा पाहावयाची असेल त्याने त्या दिवसांत जावे, आणि ज्याला डोंगर पाहावयाचा असेल त्याने ते दिवस कटाक्षाने टाळावेत. आद्य शंकराचार्यांचे जन्मस्थान कालडी येथून अवघ्या काही किलोमीटरवर असून दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. पायथ्याशी पेरियारचे पात्र संथ दिसते, परंतु अनोळखी पाण्यात उतरू नये.

उरलेल्या मंडळ्यांपैकी तिघींविषयी थोडक्यात सांगता येईल. निलक्कल हे शबरिमलाच्या रस्त्यावरील वनप्रदेशात आहे. 1983 साली तेथील जागेवरून वाद झाला आणि पुढे विविध ख्रिस्ती पंथांनी मिळून दुसऱ्या जागी सामायिक चर्च उभारले. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत अय्यप्पाच्या यात्रेमुळे हा रस्ता तुडुंब भरतो, तेव्हा तिकडे फिरकू नये. कोल्लमची जुनी पळ्ळी समुद्राने गिळली असे सांगतात, मात्र इ. स. 849 चे तरिसाप्पळ्ळी ताम्रपट, ज्यांवर साक्षीदारांच्या सह्या कूफी अरबी, पहलवी (इस्लामपूर्व इराणच्या मध्य फारसीची लिपी) आणि हिब्रू लिपीत आहेत, ते याच बंदराचे होत. हे ताम्रपट चर्चच्या मुख्यालयांत ठेवलेले असल्याने सहज पाहावयास मिळत नाहीत. तिरुवितांकोडची दगडी पळ्ळी पद्मनाभपुरमच्या राजवाड्याला जोडून पाहावी.

प्रत्यक्ष प्राचीन वस्तू डोळ्यांनी पाहण्याची इच्छा असेल तर साडेसात मंडळ्यांची यादी बाजूला ठेवून कोट्टयमला जावे. मीनच्चिल नदीजवळच्या वलियपळ्ळीत, म्हणजे थोरल्या पळ्ळीत, दोन दगडी क्रूस आहेत, ज्यांना ‘पर्शियन क्रूस’ किंवा ‘मार थोमा स्लीवा’ म्हणतात. त्यांच्या कमानीभोवती पहलवी लेख कोरलेला आहे आणि एकावर सिरियाक ओळही आहे. अभ्यासक त्यांचा काळ साधारण सहाव्या ते नवव्या शतकांच्या दरम्यान धरतात. क्रुसावर येशूची आकृती नाही, टोकांना कळ्या आहेत, पायथ्याशी पानांची महिरप आणि वर उतरते कबुतर आहे. टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकला तर अक्षरे उठून दिसतात, पण त्यासाठी आधी परवानगी घ्यावी. असाच क्रूस मुवाट्टुपुळा परिसरातील कडमट्टम येथे आहे, आणि 2001 मध्ये गोव्यात जुवारीच्या काठी आगशी येथे पहलवी लेखाचा आणखी एक क्रूस आढळला. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने मलबारमध्ये ख्रिस्ती मंडळी असल्याचे आणि ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे ठिकाण म्हणजे ठाण्याजवळचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा या इराणी-सिरियाई व्यापारी मंडळ्यांची साखळी केरळपुरती नव्हती, कोकण किनाराही तिच्या कक्षेत होता.

पळ्ळीत शिरताना ती कोणत्या पंथाची आहे हे जाणून घ्यावे. 1599 च्या उदयमपेरूर धर्मसभेत पोर्तुगीजांनी येथील सिरियाई प्रथा दडपल्या, 1653 मध्ये मट्टांचेरीत ‘कूनन क्रूस’, म्हणजे वाकडा क्रूस, या नावाने प्रसिद्ध असलेली शपथ घेऊन समाजाने बंड केले, आणि त्यातून सीरो-मलबार, ऑर्थोडॉक्स, जेकोबाइट, मार थोमा असे वेगवेगळे पंथ निर्माण झाले. अनेक जुन्या पळ्ळ्यांत पादत्राणे बाहेर काढतात, स्त्रिया डोके झाकतात आणि रविवारी सकाळी ‘कुर्बाना’, म्हणजे मिस्सा, चालू असताना हिंडणे अशिष्ट समजले जाते. ट्रेकची अर्धी विजार सॅकमध्ये ठेवून लांब विजार घालावी.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुंबईहून कोकण रेल्वेने नेत्रावती एक्स्प्रेसने निघाल्यास सुमारे एका दिवसात त्रिशूर किंवा आलुवा गाठता येते. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक निराळे व संथ असते. आलुवा मुक्कामाला धरल्यास मुझिरिस आणि मलयाट्टूर दोन्ही सोयीचे पडतात.

चेन्नईचा भाग स्वतंत्र शनिवार-रविवारसाठी राखावा, कारण तेथील तिन्ही स्थळे एका दिवसात होतात. लिटल माउंट, तमिळमध्ये चिन्नमलै, येथे थोमा लपल्याची गुहा दाखवतात. तेथून मेट्रोने आलंदूर आणि गाडी बदलून सेंट थॉमस माउंट, अर्थात परंगिमलै, गाठावे. सुमारे तीनशे फुटांच्या या टेकडीच्या पायऱ्या अठराव्या शतकात कोजा पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधवल्या. माथ्यावरील चर्चच्या वेदीत 1547 मध्ये पोर्तुगीजांना सापडलेला पहलवी लेखाचा क्रूस बसवलेला आहे, आणि कोट्टयमचा क्रूस आधी पाहिलेल्याला तो लगेच ओळखता येतो. नकाशाप्रेमी भटक्यांसाठी एक जादा माहिती: 1802 मध्ये विल्यम लॅम्बटनने आपल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा याच टेकडीच्या परिसरात मोजली. मैलापूरचे सान्थोम बॅसिलिका शेवटी ठेवावे. आजची गॉथिक धाटणीची इमारत 1896 ची आहे, आणि थोमाची म्हणून दाखवली जाणारी कबर तळघरातील स्वतंत्र प्रार्थनागृहात असल्याने वरचे भव्य सभागृह पाहून परतणाऱ्यांची ती नेमकी हुकते.