आमदारकीच्या उमेदवाराची आर्थिक भूमिका कागदांवरून कशी तपासायची?



नवीन गिऱ्हाईक मोठी ऑर्डर घेऊन आलं आणि पैसे नंतर देतो म्हणालं, तर आपण काय करतो? बाजारात चौकशी करतो. आधी कुणाचे पैसे थकवलेत का, व्यवहार कसा आहे, हे बघतो. आमदारकीचं मत म्हणजे पाच वर्षांची उधारी. ती मात्र आपण भाषण ऐकून देऊन टाकतो. "लघुउद्योगांच्या पाठीशी ठाम उभा राहीन" हे वाक्य प्रत्येक पक्षाचा उमेदवार बोलतो. त्यामुळे व्हिडिओमधला मुद्दा इथे नीट लिहून देतो: काय बोलला ते एका रकान्यात, कागदावर काय आहे ते दुसऱ्या रकान्यात.

आधी ठरवा : आमदाराच्या हातात काय आहे?

आयकर हा केंद्राचा विषय. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे राज्याचा मंत्री बसतो, तुमचा आमदार नाही. दुकानाचा मालमत्ता कर पालिकेकडे. म्हणजे "निवडून आलो की जीएसटी कमी करतो" असं कुणी म्हणालं, तर तिथेच पेन्सिलने खूण करा.

मग राज्याकडे काय उरतं? बरंच काही. व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, विजेवरचं शुल्क, दुकाने व आस्थापना कायदा, एमआयडीसीचे भूखंड, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजना. वीजदर वीज नियामक आयोग ठरवतो, पण सवलत द्यायची की नाही हे सरकार ठरवतं. जुन्या व्यापाऱ्यांना एलबीटी आठवत असेल. जकातीच्या जागी तो आला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. तो निर्णय मुंबईत झाला, दिल्लीत नाही. म्हणून विधानसभेत कोण बसतो याचा आपल्या गल्ल्याशी थेट संबंध आहे.

आता या यादीतून तुमच्या धंद्याला लागणारे तीनच विषय निवडा. पिठाची गिरणी असेल तर वीज पहिली. भाड्याच्या गाळ्यात वर्कशॉप असेल तर औद्योगिक जागा पहिली. सगळंच तपासायला गेलात तर काहीच पूर्ण होणार नाही.

कागद पहिला : नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र

उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकाला हे द्यावंच लागतं. निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या पोर्टलवर ते फुकट मिळतं. मायनेता या संकेतस्थळावर त्याचा गोषवारा असतो, पण मूळ प्रत उघडाच. आपल्या कामाच्या चार जागा :

1. मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न. स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं.
2. उत्पन्नाचा स्रोत. शेती, पगार, भाडं की धंदा?
3. शेअर्स, भागीदारी आणि जमिनी. साखर कारखाना, सहकारी बँक, बांधकाम कंपनी, जे असेल ते इथे दिसतं.
4. कर्ज, सरकारी थकबाकी आणि सरकारी कंत्राटं. जोडीदाराची आणि भागीदारी संस्थेची कंत्राटंसुद्धा.

आधीच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. संपत्ती वाढली असेल तर लगेच बोट दाखवू नका. जमिनीचा बाजारभाव वाढला तरी आकडा फुगतो. म्हणून खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची किंमत हे तीन रकाने वेगवेगळे वाचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. श्रीमंती हा दोष नाही आणि कर्ज नसणं हा गुण नाही. आपण शोधतोय हितसंबंध. ज्याचं उत्पन्न गाळ्यांच्या भाड्यातून येतं, त्याची गाळ्यांच्या भाड्याबद्दल काय भूमिका आहे, हे विचारायला हवं. त्याने ती आधीच घेतलीय असं धरून चालायचं नाही. आणि ही माहिती उमेदवाराने स्वतः दिलेली असते. खोटी दिली तर शिक्षा आहे, पण आकडा छापलाय म्हणजे कुणी तपासलाय असं नाही.

कागद दुसरा : सभागृहातलं कामकाज

उमेदवार आधी आमदार असेल तर हा सगळ्यात मोलाचा कागद. महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं आणि कामकाजाच्या नोंदी मिळतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं. शिवाय लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पावरची भाषणं असतात.

प्रश्न मोजू नका, वाचा. एकाच प्रश्नाखाली बऱ्याचदा अनेक आमदारांची नावं असतात, त्यामुळे आकडा फसवा असतो. "अमुक एमआयडीसीत भूखंड रिकामे पडून आहेत हे खरे आहे काय?" असा नेमका प्रश्न, त्यावर "अंशतः खरे आहे" असं उत्तर, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा तोच पाठपुरावा. असं दिसलं तर तो माणूस विषयाला धरून आहे. एकदाच विचारून सोडलेला प्रश्न वेगळा.

आणि हो, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. उमेदवार मंत्री असेल तर त्याच्या खात्याचे शासन निर्णय बघा. तेही सरकारी संकेतस्थळावर मिळतात.

कागद तिसरा : निधी कुठे गेला?

आमदार स्थानिक विकास निधीतल्या कामांची नोंद जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या कार्यालयात असते. न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करा : 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. म्हणून प्रचाराचे ढोल वाजायच्या आधीच अर्ज टाका. बाजारपेठेतला रस्ता, औद्योगिक वसाहतीतली गटारं यांना किती आणि सभामंडपांना किती, हे स्वतः बघा.

उमेदवार नवा असेल तर? नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य राहिला असेल तर तिथली सभेची इतिवृत्तं मागा. काहीच पद भूषवलं नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि पक्षाचा जाहीरनामा, एवढंच हातात राहतं.

आता तक्ता भरा

वहीचं एक पान. डावीकडे तुमचे तीन विषय, मध्ये "काय बोलला", उजवीकडे "नोंद काय सांगते", आणि त्याखाली कागदाचं नाव व तारीख. नोंद सापडली नाही तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना म्हणजे विरोध नव्हे. तो तुमचा पुढचा प्रश्न आहे. व्यापारी संघटनेच्या बैठकीत उमेदवार आला की तोच विचारा. "लघुउद्योगांसाठी काय करणार?" असं विचारलंत तर भाषण मिळेल. "आपल्या वसाहतीतल्या रिकाम्या भूखंडांवर तुम्ही सभागृहात काय मांडलंत?" असं विचारलंत तर उत्तर द्यावं लागेल.

आणि सगळ्या उमेदवारांना एकच पान, एकच फूटपट्टी. आपल्या आवडत्या उमेदवाराचं पान आधी भरा. तिथेच हात सैल सुटतो.

या आठवड्याचा गृहपाठ : निवडणूक लांब असली तरी चालेल. तुमच्या सध्याच्या आमदाराचं प्रतिज्ञापत्र उतरवून घ्या आणि एक विषय, एक प्रश्न, एक उत्तर एवढंच शोधा. तासाभराचं काम आहे. उधारीची वही आपण रोज बघतो, ही पाच वर्षांतून एकदा तरी उघडू या.