समाजशास्त्राची पदवी : वाडीतून खर्चाचा हिशेब

समाजशास्त्रात बी.ए. करायचे तर फीच्या आकड्यावरून कॉलेज ठरवू नका. अनुदानित कॉलेजात कला शाखेची फी हा एकूण खर्चातला लहान भाग. पैसा जातो तो खोली, मेस आणि प्रवासात. खोली-मेस मिळून महिना 8,000 रुपये धरले, तरी दहा महिन्यांचे 80,000 आणि तीन वर्षांचे 2 लाख 40 हजार होतात. म्हणून नृसिंहवाडीच्या मुलामुलींनी बी.ए. घरून करावे आणि हे पैसे एम.ए.साठी राखावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुरुंदवाड असो, जयसिंगपूर, सांगली की कोल्हापूर, कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असेल तर पदवी त्याच विद्यापीठाची. मग विचारायचे काय? समाजशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत ‘मेजर’ म्हणून मिळते का, आणि शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर. पहिल्या वर्षी विषय आहे आणि पुढे मुले कमी म्हणून नाही, असे झाले तर मध्येच कॉलेज बदलावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाने घाबरू नका. तीन अधिक दोन काय किंवा चार अधिक एक काय, एम.ए.पर्यंत वर्षे पाचच.

एसटीचा विद्यार्थी पास 66.67 टक्के सवलतीत मिळतो. मुलींना पदवीपर्यंत रेल्वेचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत असतो. जयसिंगपूर स्टेशन जवळ आहे, मात्र गाडी आणि तासांची वेळ जुळते का ते बघा. जुलै-ऑगस्टचा पास काढताना नदीकडेही लक्ष असू द्या. नदीचे पाणी दत्तमंदिरातून वाहून दक्षिणद्वार सोहळा झाला की भाविक खूश होतात, पण पाणी आणखी चढले की रस्ते बंद आणि पास खिशातच. पुराच्या दिवसांची हजेरी कशी धरतात, हे प्रवेशावेळीच विचारून ठेवा.

खुल्या गटातल्यांसाठी राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा 8 लाख आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात रांग असते.

घरचे पेढ्या-बासुंदीचे दुकान सांभाळायचे असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मान्यता मात्र त्या वर्षाची, त्या अभ्यासक्रमाची तपासा.

एम.ए.ला बाहेर पडायचे तर आधी कोल्हापूर बघा. शिवाजी विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, आणि शाहू महाराजांनी 1901 पासून उभ्या केलेल्या बोर्डिंगांची परंपरा शहरात टिकून आहे. कॉट घेण्याआधी तिथे चौकशी करा. मुंबई विद्यापीठाचा विभाग 1919 चा, पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केलेला आणि पुढे घुर्ये यांनी वाढवलेला. नाव मोठे, पण मुंबईत हॉस्टेल हातात आल्याशिवाय हिशेब जमत नाही. हैदराबाद किंवा दिल्लीच्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फी त्यामानाने कमी, पण इंग्रजीची तयारी बी.ए.पासूनच हवी.

दोन ठिकाणी प्रवेश घेऊन एक सोडायचा असेल तर तारीख सांभाळा. यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी रद्द केल्यास थोडे प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के, पुढच्या 15 दिवसांत 80, त्यापुढे महिन्यापर्यंत 50, नंतर काही नाही. मूळ कागदपत्रे कॉलेजने ठेवून घ्यायची नसतात. तपासून झाली की लगेच परत मागा.