अदृश्य दोरा आणि दृश्य श्रम

निवासी शाळेत जूनमध्ये गणवेश शिवून येतात आणि पुढचा जून उजाडेपर्यंत मुले दोन-तीन बोटे उंच झालेली असतात. म्हणून जाणता शिंपी पॅन्टच्या मोहरीत आणि स्कर्टच्या खालच्या दुमडीत जास्तीची माया ठेवतो. ही दुमड उसवून नव्याने घालताना किंवा खिशावर शाळेचे बोधचिन्ह बसवताना टीप कापडावर उठून दिसू नये, अशी आपली इच्छा असते. अशा कामासाठी बाजारात अदृश्य दोरा मिळतो. घरच्या शिलाई मशीनवर तो कसा वापरावा आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

सुती दोरा अनेक आखूड तंतू एकत्र पिळून तयार होतो. अदृश्य दोरा हा मात्र एकच अखंड, पारदर्शक तंतू असतो. मासेमारीचा तंगूस सर्वांनी पाहिलेला आहे. हा त्याच जातीचा, पण केसासारखा बारीक, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा. तो नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी लावला. पॉलिएस्टरचा तंतू १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड व डिक्सन यांनी सिद्ध केला. दोन दोरे एकमेकांत अडकवून टीप घालणाऱ्या मशीनचे पेटंट एलियास होवे यांना १८४६ सालीच मिळाले होते. म्हणजे मशीन घडले ते सुती आणि रेशमी दोऱ्याच्या काळात. म्हणूनच हा नवा दोरा ओवताना मशीनची मांडणी थोडी बदलावी लागते.

प्रथम रंग. फिकट कापडासाठी पूर्ण पारदर्शक दोरा घ्यावा; गडद निळ्या किंवा काळ्या कापडासाठी धुरकट छटेचा घ्यावा, कारण गडद कापडावर पारदर्शक दोरा चमकतो. मग दोऱ्याची जात. आपल्या वस्त्यांत अजूनही कोळशाची इस्त्री चालते आणि तिचा ताप हवा तसा कमी-जास्त करता येत नाही. जास्त तापात नायलॉन आखडतो, वितळतो आणि कालांतराने पिवळाही पडतो. पॉलिएस्टर उष्णता अधिक सोसतो, म्हणून गणवेशासाठी तोच निवडावा. तरीही इस्त्री करताना वर सुती कापड ठेवणे इष्ट.

आता मशीन. अदृश्य दोरा वर, सुईत ओवावा. खाली बॉबिनमध्ये कापडाच्या रंगाचा नेहमीचा दोरा भरावा. टीप मारताना कापडाची सुलट बाजू वर ठेवावी, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या बाजूवर अदृश्य दोराच येईल. सुई बारीक, ११ नंबरची लावावी. जाड सुईने पडलेली छिद्रे दोरा लपला तरी दिसत राहतात. हा दोरा निसरडा असल्याने रिळावरून आपोआप सुटतो आणि दांड्याभोवती गुंडाळून तुटतो. त्यासाठी रीळ मशीनच्या मागे एखाद्या पेल्यात उभे ठेवावे आणि तेथून दोरा वर घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा भाग वरच्या टेन्शनचा. हा तंतू ताणला की लांबतो आणि ताण सुटताच आखडतो. टेन्शन घट्ट असेल तर शिवताना सर्व ठीक दिसते, पण कापड दाबपट्टीखालून बाहेर येताच टिपेवर चुण्या पडतात. चकती नेहमी चारवर असेल तर ती दोनच्या आसपास आणून पाहावी. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसू लागला तर टेन्शन आणखी सैल करावे. वरचा दोरा खाली सैल फासांसारखा लोंबू लागला तर किंचित आवळावे. मशीन सावकाश चालवावे. टिपेच्या सुरुवातीस आणि शेवटी तीन-चार उलट्या टिपा घालाव्यात, नाहीतर निसरडा दोरा सुटून येतो. प्रत्यक्ष गणवेशाला हात घालण्यापूर्वी हे सर्व त्याच कापडाच्या चिंधीवर करून पाहावे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोऱ्याची कापलेली टोके ताठ असतात आणि अंगाला टोचतात. म्हणून कॉलर, काख आणि कंबर येथे हा दोरा वापरू नये. पुढील वर्षी दुमड उसवायची असेल तर उलट बाजूने बॉबिनचा दोरा कापत जावे, कारण डोळ्यांना तोच दिसतो.

दुमड किंवा ठिगळ लपवावे का, असा प्रश्न कोणी विचारील. देहूरोडच्या विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेथे जाणाऱ्या आपल्या मुलांनी भिक्खूंचे चीवर पाहिलेले असते. मगधातील भातखाचरांच्या बांधांकडे पाहून तथागतांनी आनंदाला त्याप्रमाणे तुकडे जोडून चीवर करण्यास सांगितले, असे विनयपिटकात आले आहे. त्या वस्त्रात जोड उघड दिसतात, कारण त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसरीकडे, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडण्यास सांगितले, कारण त्या नेसणीवरून जात ओळखली जाई. दोन्हींचा अर्थ आम्ही एकच लावतो : वस्त्राने माणसाला खाली पाहायला लावू नये. मुलाला दुमड लपवावीशी वाटली तर ती नीट लपवावी. मात्र जोडलेल्या कपड्याची लाज त्याला कोणी शिकवू नये.

लपू नये असे दुसरेही काही आहे. आपल्या औद्योगिक पट्ट्यात तयार होणाऱ्या मोटारींची आसने अशाच कृत्रिम तंतूंच्या जाड, मजबूत दोऱ्याने शिवलेली असतात. कारखान्यातील शिवणकामगाराच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूर मंत्री होते आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. घरात मशीन चालवणारी भगिनी मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते. तिची टीप जितकी सफाईदार, तितकी ती दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक म्हणते, "नुसती मोहरी तर दुमडायची, त्याचे एवढे पैसे?"

म्हणून शिवणकाम शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना आम्ही टेन्शनच्या चकतीबरोबरच हिशेबाची वहीही शिकवावी, असे आम्हांस वाटते. उसवायला किती वेळ लागला, चिंधीवर चाचणी घ्यायला किती, सुई आणि दोरा यांचा खर्च किती, हे तिने लिहून ठेवावे आणि त्यावरून शिलाईचा दर ठरवून तो निःसंकोचपणे सांगावा. दोरा अदृश्य असावा. तो ओवणारा हात आणि त्या हाताचे मोल समाजाला स्पष्ट दिसावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.