दहाला नऊ : पत्त्यांच्या जुगाराचे गणित

आपल्या कल्याण शहराच्या वाट्याला एक नको ते नामसाधर्म्य आले आहे. मटक्याच्या बाजारात 'कल्याण' हा शब्द रोज उच्चारला जातो. परंतु त्याचा दुर्गाडीच्या किल्ल्याशी किंवा आपल्या जंक्शनशी काडीमात्र संबंध नाही. १९६२ साली मुंबईत वरळीला हा धंदा सुरू करणारे कच्छचे कल्याणजी भगत, त्यांच्या नावावरून हे नाव पडले. १९६४ पासून रतन खत्री यांचा मटका निराळा चालू लागला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तर त्याहून जुने. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना किती आणि बंद होताना किती, हे मुंबईत कळत असे आणि त्यावर पैजा लागत. १९६१ मध्ये तो मार्ग बंद झाला. मग चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडा काढू लागले. मडके म्हणजे मटका. पुढे मडके गेले, पत्त्यांची जुडी आली, पण नाव तेच राहिले.

आपल्या परिसरात पत्त्यांची परिभाषा बहुतेकांना येते. गणपतीच्या जागरणात, गोकुळाष्टमीच्या रात्री, सकाळच्या लोकलमध्ये मांडीवर आडवी ठेवलेल्या बॅगेवर ती कानांवर पडते. परंतु या शब्दांमागे जे गणित आहे ते मात्र फारसे कोणी मांडत नाही. हे गणित हलके समजण्याचे कारण नाही. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत जो पत्रव्यवहार झाला, तो जुगारातल्या एका प्रश्नावरूनच. आणि तिथूनच संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले. प्रस्तुत लेखात मी तीन खेळ घेतले आहेत. बेरीज-गुणाकारापलीकडे काही लागणार नाही, तेव्हा कला शाखेच्या मित्रमैत्रिणींनी बिचकू नये.

पहिला खेळ तिरट, म्हणजेच तीन पत्ती. प्रत्येकाला तीन पाने. पाने न पाहता खेळणारा 'ब्लाइंड', पाहून खेळणारा 'चाल' करतो आणि त्याला ब्लाइंडच्या निदान दुप्पट पैसे टाकावे लागतात. न पाहण्याचे धाडस स्वस्त आणि माहितीला दुप्पट किंमत, असा हा नियम आहे. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी तीन सारखी पाने, म्हणजे ट्रेल, ५२ प्रकारे. एकाच रंगाची ओळीने तीन, म्हणजे पक्की सिक्वेन्स, ४८ प्रकारे. साधी सिक्वेन्स ७२० प्रकारे, कलर १,०९६ प्रकारे, जोडी ३,७४४ प्रकारे. उरलेल्या १६,४४० प्रकारांत हाती काहीच नसते, फक्त मोठे पान असते.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, चारांतील जवळजवळ तीन वेळा हात रिकामाच येतो. म्हणून तिरटमध्ये जिंकतो तो पुष्कळदा चांगल्या पानांचा धनी नसतो. समोरच्याला पाने टाकायला लावणारा असतो. साहजिकच ज्याच्या खिशात जास्त पैसे, त्याला दडपण आणणे सोपे. दुसरी गोष्ट मौजेची आहे. पक्की सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे. ट्रेल ४२५ डावांत सरासरी एकदा येते, पक्की सिक्वेन्स ४६० डावांत एकदा. तरीही प्रतिष्ठेत ट्रेल वर. रूढीने दिलेला मान आणि वस्तूची खरी किंमत यांत अंतर असू शकते, याचे हे लहानसे उदाहरण.

घरात तिरट खेळले तर पैसा या खिशातून त्या खिशात फिरतो. सगळ्यांची मिळून बेरीज तेवढीच राहते. मधे धंदेवाला आला की हिशेब बदलतो. त्यासाठी दुसरा खेळ पाहू : अंदर-बाहर, ज्याला मांगपत्ताही म्हणतात. गोव्यात १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरच्या जुगाराला वाट मिळाली, आणि पुढे मांडवीतल्या जहाजांवर पत्त्यांची टेबले लागली. तिथे हा आपला गावठी खेळ कोट घालून बसला आहे. मध्ये एक पान उघडतात, समजा सत्ती. मग एक पान अंदर, एक बाहर अशी वाटणी चालू राहते. दुसरी सत्ती ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. वरवर पाहता हे नाणेफेकीसारखे वाटते. परंतु पहिले पान ज्या बाजूला पडते तिला किंचित झुकते माप मिळते. उरलेल्या ५१ पानांत तीन सत्त्यांच्या जागा २०,८२५ प्रकारे असू शकतात आणि त्यांपैकी १०,७२५ प्रकारांत पहिली सत्ती त्याच बाजूला येते. म्हणजे शेकडा साडेएक्कावन्न.

हे कॅसिनोवाल्याला आधीच ठाऊक असते. म्हणून अनेक ठिकाणी, पहिले पान अंदरला पडत असेल तर अंदरवर रुपयाला नव्वद पैसेच देतात आणि बाहरवर पुरा रुपया. आता गणित करून पाहा. अंदरवर शंभर रुपये लावणारा सरासरी २ रुपये १५ पैसे गमावतो, बाहरवर लावणारा ३ रुपये. दोन्ही बाजूंना पाटी लावलेली आहे आणि दोन्ही दारांतून पैसा एकाच तिजोरीत जातो. पाने लपवायला नकोत की जुडी चिन्हांकित करायला नको. फसवणूक न करता मिळणारा हा फायदा आहे, आणि म्हणूनच तो खात्रीचा आहे.

तिसरा खेळ मटका. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत शेजारी एक काका होते. त्यांनी कित्येक वर्षांचे ओपन-क्लोज एका वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवले होते. मी अर्थशास्त्र घेतले आहे असे कळल्यावर ती वही माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "अगं, तू शिकलेली आहेस. यातला क्रम तेवढा शोधून दे. सहा बरेच दिवस आलेला नाही, आता यायलाच हवा ना?" त्यांच्या मोठ्या मुलीचे लग्न ठरत होते. प्रश्न चेष्टेवारी नेण्याजोगा नव्हता.

मी क्रम शोधण्याऐवजी जुडी घेतली. राजा, राणी, गुलाम बाजूला ठेवले, दश्शीला शून्य मानले. उरली चाळीस पाने. त्यांतून तीन पाने ९,८८० प्रकारे निघतात. तिघांच्या बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे आकडा. तीन निराळ्या अंकांची 'सिंगल पाना' १२० आहेत, दोन सारख्या अंकांची 'डबल पाना' ९०, तीन सारख्यांची 'ट्रिपल पाना' १०. ती दहा आकड्यांत वाटून पाहिली तर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर १२, ९ आणि १ येतात. प्रकार मोजले तर प्रत्येकाला बरोबर ९८८. ना सहाला एक जास्त, ना शून्याला एक कमी. आणि जुडी दर वेळी नव्याने पिसली जाते. काल काय निघाले ते पानांना आठवत नाही. आठवण वहीला असते.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझा आकडा येणारच नाही?"

"येईल की काका. दहांतून एकदा येईल. पण आला तर रुपयाला नऊच मिळतात ना तुम्हाला?"

सारे गणित या एका वाक्यात आहे. दहांत एक असा संभव आणि भाव नऊचा. जोडीचा संभव शंभरांत एक आणि भाव नव्वदचा. रोज शंभर रुपये लावणाऱ्याचे वर्षाला ३६,५०० रुपये जातात, सरासरी ३२,८५० परत येतात, तूट ३,६५०. जिंकलेले पुन्हा लावले, आणि बहुतेक जण तेच करतात, तर शंभराचे सातव्या फेरीअखेर सरासरी अठ्ठेचाळीसही उरत नाहीत. हे 'सरासरी'चे गणित आहे. एखादा जिंकतोही, आणि त्याचीच गोष्ट चाळभर होते. हरलेल्यांची होत नाही.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली एका निकालात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, कारण तीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. तीन पानांच्या खेळाला मात्र त्याने त्या पंक्तीत बसवले नाही. लोकलमधल्या रमीवाल्यांना हा निकाल आवडेल! पण जागेचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी, असेही त्याच निकालात सुचवलेले आहे. महाराष्ट्रात कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली तो रद्द झाला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर मोबाइलवरचे पैशांचे खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले.

महाभारतातली नळाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ ऋतुपर्णाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात मोजली. त्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. अश्वविद्येच्या बदल्यात ते 'अक्षहृदय' नळाने घेतले आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. मोजता येऊ लागले की कली जातो, हे आपल्या पूर्वजांना केव्हाच कळले होते. पुढे नळाने पुन्हा डाव मांडून राज्य जिंकले, असेही कथा सांगते. मात्र त्याच्यासमोर पुष्कर बसला होता. दहाला नऊ देणारा गादीवाला नव्हता. अशा गादीवाल्यापुढे मोजता येणाऱ्याला एकच शहाणा डाव उरतो, आणि तो म्हणजे न बसण्याचा.