तंबाखूचा तरवा आणि व्हर्बिना

व्हर्बिना हे हिवाळी फूलझाड. बागेसाठी त्याची फुललेली कुंडी विकत आणणारे पुष्कळ, पण बियांपासून रोपे करणारे थोडे. वास्तविक रोपे घरी केल्यास खर्च बियांच्या एका पाकिटापुरता येतो. अडचण एवढीच की बी उगवत नाही, आणि उगवले तरी रोपे चार दिवसांत आडवी पडतात. या अडचणीचे उत्तर निपाणी भागातील तंबाखूच्या शेतकऱ्याकडे फार पूर्वीपासून आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, वनस्पतिशास्त्राचा नव्हे; परंतु तरवा टाकताना लहानपणापासून पाहिला आहे.

तंबाखूचे बी धुळीसारखे असते. एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बिया भरतात. म्हणून ते वाळूत किंवा राखेत मिसळून विरळ फेकतात. वाफा जमिनीपासून उंच ठेवतात. पेरणीपूर्वी त्यावर पालापाचोळा जाळून रब भाजतात, त्यामुळे तणाचे बी व रोगाची बुरशी मरते. पाणी झारीनेच, थोडे थोडे. कन्नड विभागातील मित्र या तरव्याला ‘ससिमडि’ म्हणतात. नाव वेगळे, रीत तीच.

कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, त्याचे कारण दोन्ही पिकांत एकच: दाट पेरणी आणि साचलेले पाणी. या ओलीत पिथियम नावाची बुरशी वाढते. तेव्हा उंच वाफा, विरळ पेरणी आणि झारी या तीन गोष्टी व्हर्बिनालाही जशाच्या तशा लागू पडतात. कुंडीत रब भाजता येत नाही; तेथे माती उन्हात चांगली तापवून घ्यावी.

एक फरक मात्र विसरू नये. तंबाखूचे बी उघडे ठेवतात, व्हर्बिनाच्या बियांना अंधार लागतो. ते पाव इंचाहून कमी मातीने झाकावे, वर कागद घालावा आणि अंकुर दिसताच काढून टाकावा. उगवण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. घाई करून रोज पाणी घालणारा माणूस येथेच फसतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच असल्याने येथील थंडी या झाडाला मानवते. सप्टेंबरअखेर आडोशाला बी टाकावे, पाऊस सरल्यावर नोव्हेंबरात एक-एक फुटावर रोपे लावावीत. ऊन दिवसभर हवे. बेळगावच्या तांबड्या मातीत पाणी निचरते. निपाणीच्या काळ्या मातीत मात्र वाळू व शेणखत मिसळून वरंबा करावा लागतो.

रोप चार बोटे झाले की शेंडा खुडावा. गंमत अशी की खुडणी तंबाखूतही करतात, पण हेतू अगदी उलटा. तंबाखूत शेंडा खुडून, वर बगलेतले फुटवेही काढतात, कारण सारा कस पानात उतरायला हवा. व्हर्बिनात शेंडा खुडतात तो फुटवे यावेत म्हणूनच. प्रत्येक फुटव्याला फुलांचा एक गेंद. आमच्या भाषेत सांगायचे तर एकाच्या खात्यात जे नावे, तेच दुसऱ्याच्या खात्यात जमा. सुकलेले गेंद वेळोवेळी काढावेत, म्हणजे झाड बी धरण्यात शक्ती घालवत नाही.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे. रानात माजलेली टणटणी त्याच्याच कुळातली. जुन्या पाठ्यपुस्तकांत सागवान आणि निर्गुडीही याच कुळात दिलेली आढळतात. पुढे ती तुळशीच्या कुळात गेली.

पानांवर पांढरी भुरी दिसली तर समजावे, झाडे दाटली आहेत किंवा संध्याकाळी पानांवर पाणी पडते आहे. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे. मावा पडल्यास आपल्याकडे तंबाखूचा काढा फवारण्याची चाल आहे. मावा त्याने मरतो, पण निकोटीन माणसालाही विषारी असून कातडीतून अंगात भिनते. ओली पाने हाताळणाऱ्यांना मळमळ व चक्कर येते ती यामुळेच. निदान महाविद्यालयाच्या बागेत, जेथे सगळ्यांचे हात लागतात, साबणाचे पाणी पुरे. शेजारी पिटुनिया असेल तर आणखी एक कारण: ती तंबाखूच्या कुळातली, आणि तंबाखूचा केवडा रोग पसरवणारा विषाणू हातानेदेखील तिच्यावर जातो.

मार्चमध्ये ऊन वाढण्याआधी जमिनीवर लोळलेल्या एक-दोन फांद्यांच्या पेरांवर माती ओढून ठेवावी. पेराला मुळ्या फुटल्या की ते रोप तोडून सावलीच्या कुंडीत न्यावे. ते जगले तर पुढच्या हंगामाला पाकिटाचाही खर्च नाही.