चहा, हिस्टामीन आणि आपले आरोग्य

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पहाटेची लोकल असो, कारखान्याची पाळी असो की विहारातील बैठक, चहावाचून काही सुरू होत नाही. आपल्या समाजात तर चहाला आणखी एक अर्थ आहे. गावच्या हॉटेलात आपल्या वाडवडिलांसाठी वेगळी कपबशी असे. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तरी ती आठवण गेलेली नाही. म्हणून घरी आलेला पाहुणा "चहा नको" म्हणाला की आपल्या मनाला लागते. परंतु हा नकार शरीराचाही असू शकतो.

हिस्टामीन हे शरीरात तयार होणारे व काही अन्नातूनही येणारे रसायन आहे. आतड्यातील डायमाइन ऑक्सिडेज हे विकर अन्नातील हिस्टामीन निकामी करते. ते कमी पडल्यास डोके दुखणे, चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, नाक वाहणे, पोट बिघडणे असे त्रास होतात. यास हिस्टामीन असहिष्णुता म्हणतात.

चहामुळे हे विकर मंदावते असे सांगितले जाते. पण माणसांवरील पुरावा तोकडा आहे. बर्फात नीट न ठेवलेला बांगडा किंवा तारली अधिक घातक. त्यात वाढलेले हिस्टामीन शिजवूनही जात नाही. रिकाम्या पोटी चहाने होणारी जळजळ वा दूध न पचणे ही निराळी दुखणी होत.

तेव्हा आपण पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. या विकाराची एकच खात्रीची तपासणी नाही.

२. त्यांच्या सल्ल्याने २ ते ४ आठवडे संशयित पदार्थ बंद करून, मग एकेक सुरू करावा व वहीत नोंद ठेवावी.

३. चहा एकदम सोडल्यास कॅफिनच्या सवयीमुळे काही दिवस डोके दुखते. तो हिस्टामीनचा पुरावा नव्हे. चहा हळूहळू कमी करावा.

४. क्षयरोगावरील आयसोनियाझिड घेणाऱ्यांना अशा मासळीचा त्रास होऊ शकतो. मासळी टाळावी, औषध मात्र मनाने बंद करू नये.

५. ओठ-जीभ सुजल्यास किंवा श्वास अडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि यजमानांना विनंती की, आग्रह करू नये. चहा नको म्हणणाऱ्यास गरम पाणी द्यावे, सर्वांच्याच कपातून. आपुलकी चहात नसते, एकत्र बसण्यात असते.